महाराष्ट्रांतील स्थापत्यशिक्षणाचा आरंभ व त्याची भाषा

महाराष्ट्रांत स्थापत्यविद्येचें पद्धतशीर शिक्षण केव्हां सुरू झालें, असा प्रश्न केला असतां बहुधा इ. स. १८५४ हें उत्तर मिळतें. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत पुण्यास जी शाळा निघाली तिचेंच रूपांतर होत होत आजचें तंत्रशास्त्र विद्यापीठ झालें आहे. जी संस्था अखंड चालत आली तिच्यापुरतें हें उत्तर बरोबर आहे. परंतु त्यापूर्वीं तीस वर्षें हीच विद्या शिकविण्याचा एक प्रयत्न मुंबईस झाला होता, आणि तो मराठींतून व गुजराथींतून झाला होता. आपल्या शिक्षणाच्या इतिहासांत या प्रयत्नास एखाददुसऱ्या ओळीपलीकडे स्थान मिळत नाहीं. उच्च तांत्रिक शिक्षण मराठींतून देतां येईल किंवा नाहीं, हा वाद अलीकडे पुन्हां उपस्थित झाला आहे. त्या वादांत दोन्ही पक्ष असें गृहीत धरतात कीं, हा प्रयोग पूर्वीं कधीं झालाच नाहीं. म्हणून तो प्रयत्न कोणत्या साधनांवर उभा होता, तो मागें कां पडला, आणि त्याच्या मागें पडण्यानें काय मिळालें व काय गेलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

(१) मुंबईंतील संस्था

इ. स. १८१८ मध्यें पेशवाईचा अस्त झाल्यावर मुंबई सरकारच्या ताब्यांत एकाएकीं फार मोठा मुलूख आला. जमिनीची मोजणी, रस्ते, पूल, कचेऱ्या आणि जुन्या इमारतींची डागडुजी हीं सर्व कामें एकदमच पुढें उभीं राहिलीं. तीं पाहणारे अधिकारी लष्करी इंजिनियर होते व त्यांची संख्या थोडी होती. त्यांच्या हाताखालीं मोजणी करणारा, नकाशा काढणारा व कामाचा अंदाज बांधणारा एतद्देशीय वर्ग तयार करणें प्राप्त होतें. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचें शिक्षणविषयक टिपण इ. स. १८२३ च्या डिसेंबरांतलें आहे. देशी भाषांत पुस्तकें करवून शिक्षणाचा प्रसार करावा, हें त्याचें धोरण होतें. इ. स. १८२२ मध्यें स्थापन झालेली 'हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी' हें त्या धोरणाचें मुख्य साधन होय.

या मंडळीचा चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्विस हा स्वतः मुंबईच्या इंजिनियर पलटणींतील अधिकारी होता. त्याच्या देखरेखीखालीं इ. स. १८२४ च्या सुमारास मुंबईस इंजिनियरांची एक शिक्षणसंस्था सुरू झाली. विद्यार्थ्यांस आधीं इंग्रजी शिकवून मग गणित व मोजणी शिकवावी, हा मार्ग जर्विसनें पत्करला नाहीं. त्यानें आपणच मराठीचा अभ्यास केला, शास्त्रीमंडळीस जवळ बसविलें आणि पुस्तकें तयार करविलीं. 'कर्तव्यभूमिति' आणि 'शिक्षामाला' हीं त्यांपैकीं प्रसिद्ध पुस्तकें १८२६ ते १८२८ च्या दरम्यानचीं आहेत. वूलिच येथील लष्करी विद्यालयाचा गणिताध्यापक चार्ल्स हटन याचा गणिताचा ग्रंथ हा या भाषांतरांचा मूलाधार होता. म्हणजे विलायतेंत तोफखान्याचे व इंजिनियर पलटणीचे उमेदवार जें गणित इंग्रजींत शिकत, तेंच मुंबईंतील विद्यार्थी मराठींत शिकूं लागले. जर्विसच्या साहाय्यकांत जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रमुख होते. १८२९ च्या सुप्रसिद्ध पंडितांच्या कोशाच्या मंडळींतही तेच अग्रभागीं होते. पहिला मोठा मराठी कोश आणि पहिलें मराठी इंजिनियरी गणित हीं एकाच मंडळींच्या हातांखालून जात होतीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

'कर्तव्यभूमिति' या नांवांतील पहिला शब्द आजच्या वाचकास फसवील. येथें 'कर्तव्य' याचा अर्थ धर्म किंवा जबाबदारी असा नसून 'करावयाचें' असा मूळ संस्कृत अर्थ आहे. जी भूमिति हातानें करावयाची, दोरी, कर्कट आणि कागद घेऊन प्रत्यक्ष आणावयाची, ती कर्तव्यभूमिति. व्यवहाराच्या भूमितीस याहून नेमकें नांव पुढें कोणी दिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

(२) शास्त्र्यांजवळ असलेलें भांडवल

आतां असा प्रश्न येईल कीं, व्याकरण व न्याय पढलेल्या शास्त्र्यांस हें भाषांतर साधलें कसें? शब्द हवेंतून काढावे लागले काय? याचें उत्तर असें कीं, शास्त्र्यांजवळ या विषयाचें बरेंच भांडवल आधींपासून होतें. युक्लिडाच्या भूमितीचें संस्कृत रूप 'रेखागणित' या नांवानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतच सम्राट् जगन्नाथ पंडितानें सवाई जयसिंगाच्या आश्रयाखालीं सिद्ध केलें होतें. त्याहून जवळचें साधन म्हणजे भास्कराचार्यांची 'लीलावती' (शके १०७२, इ. स. ११५०).

'लीलावती' म्हणजे कोड्यांचें पुस्तक, अशी सामान्य समजूत आहे. परंतु तिच्या उत्तरार्धांतील खातव्यवहार, चितिव्यवहार व क्रकचव्यवहार हीं प्रकरणें वाचणारास दिसेल कीं, आजचा स्थापत्याचा विद्यार्थी ज्यास परिमाण व अंदाजपत्रक म्हणतो, तोच हा विषय आहे. खात म्हणजे खोदकाम, चिति म्हणजे विटांची रास अथवा बांधणी, आणि क्रकच म्हणजे करवतकाम.

खातव्यवहारांतील एक उदाहरण पाहावें. विहिरीचें तोंड १२ हात लांब व १० हात रुंद, तळ त्याच्या निम्मा म्हणजे ६ व ५ हात, आणि खोली ७ हात आहे. तर खोदाई किती? भास्कराचार्यांची रीति अशी : तोंडाचें क्षेत्रफळ १२०, तळाचें ३०, तोंड व तळ यांच्या बाजूंची बेरीज घेऊन होणारें क्षेत्रफळ १८ गुणिले १५, म्हणजे २७०. तिहींची बेरीज ४२०. तीस ६ नीं भागून सरासरी क्षेत्रफळ ७०, व तें खोलीनें गुणून खोदाई ४९० घनहात. आतां बाजूंच्या बेरजेचें जें क्षेत्रफळ तें मध्यावरील छेदाच्या बरोबर चौपट असतें. तेव्हां ही रीति म्हणजे तोंड, तळ आणि मधल्या छेदाची चौपट यांच्या बेरजेस सहानें भागणें होय. कालव्याच्या व रेल्वेच्या खोदाईसाठीं आजही महाविद्यालयांतून हेंच सूत्र शिकविलें जातें. वर्गांत तें पाश्चात्त्य नांवानें येतें, आणि तें खानदेशच्या बाजूस कांहीं शतकें पढविलें जात होतें याची विद्यार्थ्यास वार्ताही नसते.

चितिव्यवहारांतील उदाहरणही असेंच आहे. वीट १८ अंगुळें लांब, १२ रुंद व ३ उंच. रास ८ हात लांब, ५ हात रुंद व ३ हात उंच. तर विटा किती व थर किती? हातास २४ अंगुळें धरून उत्तर २५६० विटा व २४ थर असें येतें. याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. विटांची रास, दगडांची रास, खोदकाम आणि करवतकाम यांचें मूल्य कारागिरांशीं ठरेल त्याप्रमाणें, व जिन्नस मऊ कीं कठीण यावरून धरावें, असें आचार्य सांगतात. सरकारी बांधकामखात्याच्या दरसूचींत माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक व कठीण खडक यांच्या खोदाईचे दर निरनिराळे लावतात, त्याचें तत्त्व याहून वेगळें नाहीं.

या अध्ययनास आश्रयही होता. चाळीसगांवाजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला, व निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास दान दिलें. लेख संस्कृत आहे, परंतु शेवटीं मठास मिळावयाचे हक्क सांगण्याची वेळ येतांच त्याची भाषा मराठी होते. घाण्यामागें पळी पळी तेल देण्याचाही त्यांत उल्लेख आहे. विद्या संस्कृतांत राहिली, परंतु ज्यांनीं तेल घालावयाचें त्यांस कळेल अशा भाषेंत हक्क लिहिले गेले. विद्या आणि व्यवहार यांच्या भाषा वेगळ्या असण्याचें हें आपल्याकडील जुनें उदाहरण होय. पुढील विवेचनांत त्याची आठवण ठेवावी.

मात्र येथें एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. खोदाई किती व विटा किती हें 'लीलावती' सांगते. तुळईवर किती भार टाकला असतां ती मोडेल, अगर धरणाची भिंत पाण्याच्या रेट्यास कशी टिकेल, हें सांगत नाहीं. पदार्थांच्या बळाचें शास्त्र यूरोपांत गॅलिलिओपासून पुढें वाढलें व तें तेथूनच आपल्याकडे आलें. जुन्या ग्रंथांत सर्व कांहीं होतें, असें म्हणणारांचा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नवीन शास्त्र उतरवून घेण्यास लागणारी भाषा व मोजमापाची संवय येथें तयार होती, आणि जर्विसनें ती ओळखली.

(३) मोजणीची साखळी

ही संवय नवीन कामांत कशी मिसळली याचें उत्तम उदाहरण जमीनमोजणींत सांपडतें. विलायतेंत मोजणीस ६६ फूट लांबीची, १०० कड्यांची साखळी वापरीत. इ. स. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी महसुली मोजणी सुरू केली, तींत ३३ फुटांची साखळी स्वीकारण्यांत आली व तिचे १६ आणे पाडले गेले. ३३ फूट औरसचौरस जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा; आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. रुपयाचे सोळा आणे ज्यास पाठ आहेत त्यास साखळीचे सोळा आणे निराळे शिकवावे लागत नाहींत. विलायती एकर आणि देशी हिशेब यांची सांगड अशी घातली गेली, कीं साखळी जाऊन शेंकडों गांवांचे नकाशे जुने झाले तरी गुंठा अद्याप सर्वांच्या तोंडीं आहे. जी गोष्ट लोकांच्या हिशेबाच्या भाषेंत बसविली गेली ती टिकली.

(४) भाषेचा वाद

जर्विसची संस्था मात्र फार काळ टिकली नाहीं. मुंबईस इ. स. १८२६ मध्यें देशी भाषांतून वैद्यक शिकविण्याची जी शाळा निघाली होती, तीही १८३२ मध्यें बंद झाली. पुढें १८४४ मध्यें एल्फिन्स्टन संस्थेंत स्थापत्याचा वर्ग निघाला व त्यावर विल्यम पोल हा विद्वान् अध्यापक विलायतेहून आला. परंतु प्रकृतीमुळें तो १८४७ मध्यें परत गेला, आणि तो प्रयत्नही तेवढ्यावरच राहिला.

याच सुमारास मुंबईच्या शिक्षणमंडळांत भाषेचा प्रसिद्ध वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचें म्हणणें उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें असें होतें. त्यांच्याविरुद्ध उभा राहिला तो जर्विस, आतां कर्नल झालेला. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे तिघेही एतद्देशीय सभासद जर्विसच्या बाजूस होते. यूरोपियन सभासद पेरींच्या बाजूस होते. सरकारनें १८४८ मध्यें मध्यम मार्गाचा निर्णय दिला, पण उच्च शिक्षणाचा ओघ इंग्रजीकडे वळला तो वळलाच. जर्विस १८५१ मध्यें मरण पावला.

या वादांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, मराठींत हें शास्त्र सांगतां येईल काय, हा प्रश्न ज्याला वीस वर्षांपूर्वीं प्रत्यक्ष सोडवावा लागला होता तो मनुष्य मराठीच्या बाजूस होता. तेव्हां मराठी मागें पडली ती असमर्थ ठरली म्हणून नव्हे. तिचें कारण नोकरीच्या रचनेंत शोधलें पाहिजे.

(५) पुण्याचें महाविद्यालय

१८५३ च्या एप्रिलांत मुंबई ते ठाणें आगगाडी धांवली. १८६३ मध्यें बोरघाट खुला झाला. सार्वजनिक बांधकामाचें खातें डलहौसीच्या कारकीर्दींत स्वतंत्र झालें. १८५४ मध्यें पुण्यास भवानी पेठेंत लहानशा तीन घरांत जी शाळा सुरू झाली तिचा उद्देशच मुळीं या खात्यास दुय्यम अंमलदार पुरविणें हा होता. रूरकी येथें १८४७ मध्यें निघालेल्या वर्गाचाही उद्देश असाच, गंगेच्या कालव्यासाठीं माणसें तयार करणें, हा होता. पुण्याच्या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला ५ ऑगस्ट १८६५ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं बसविली. त्याच वर्षीं थिओडोर कुक हे प्राचार्य झाले. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ आजही प्रमाण आहे. १८६० नंतरच्या दशकांत मुंबई विद्यापीठाशीं महाविद्यालयाचा संबंध जडला व एल. सी. ई. ही पदवी सुरू झाली. विद्यापीठाची भाषा इंग्रजी. म्हणून स्थापत्याची भाषाही इंग्रजी ठरली. खात्याचे वरिष्ठ इंग्रज, नियम व अंदाजपत्रकें इंग्रजी, आणि वरच्या जागांसाठीं विलायतेंत कूपर्स हिल येथें १८७१ नंतर स्वतंत्र महाविद्यालय. अशा व्यवस्थेंत मराठींत शिकलेल्या इंजिनियरास जागाच कोठें होती?

इंग्रजीमुळें मिळालेला लाभही तितक्याच स्पष्टपणें नमूद केला पाहिजे. म्हैसूर संस्थानांतील मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या बंगळुरास बी. ए. होऊन संस्थानच्या मदतीनें पुण्यास आले व १८८३ मध्यें एल. सी. ई. परीक्षेंत पहिले आले. घरची भाषा तेलुगु, प्रांताची कानडी. पुण्याचें शिक्षण मराठींतून असतें तर ते येथें येऊं शकले नसते, आणि १९०३ मध्यें खडकवासल्यास बसविलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजेही मुंबई इलाख्यास लाभले नसते. बोरघाटाच्या कामाचा प्रमुख जेम्स बर्कले याच्या नांवाचें पारितोषिक त्यांस मिळालें होतें. निरनिराळ्या प्रांतांच्या विद्यार्थ्यांस एका वर्गांत बसविण्याचें काम इंग्रजीनें केलें, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

(६) काय गेलें

गेलें तें वर्ग आणि काम यांमधील बोलणें. गवंडी, पाथरवट, बेलदार, वडार व सुतार यांच्याजवळ या धंद्याची मोठी शब्दसंपत्ति होती व अंशतः आहे. भिंत उभी सरळ आहे कीं नाहीं हें पाहण्यास ओळंबा, काटकोन पाहण्यास गुण्या, समपातळी पाहण्यास पाणसळ, चुना मळण्यास घाणी. इमारतीचें जोतें, कमानीची चावी, छपराची तुळई. यांतील एकही शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत कधीं लिहावा लागला नाहीं. त्यामुळें पदवीधराच्या लेखीं ते अडाण्यांचे शब्द ठरले. उलट इंग्रजी शब्द मात्र खालीं उतरले. आजचा गवंडी स्लॅब, कॉलम, बीम, सेंटरिंग असें सहज बोलतो, आणि घरांत जोतें हा शब्द असतांही प्लिंथ म्हणतो. शब्द वरून खालीं आले, खालून वर गेले नाहींत. शब्द जेथून येतो तेथून अधिकार येतो; कारागिराचें ज्ञान पुस्तकांत येण्याचा रस्ता यामुळें बुजला.

या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्यांपैकीं एकानें तरी हा रस्ता पुन्हां शोधला. कृष्णाजी विनायक वझे (१८६९–१९२९) हे १८९१ मध्यें एल. सी. ई. झाले व सरकारी बांधकामखात्यांत नोकरीस राहिले. वर्गांत शिकलेल्या विद्येंत आपल्या देशाच्या शिल्पाचें नांवही नव्हतें, हें पाहून त्यांनीं जुने शिल्पग्रंथ गोळा करून अभ्यासिले, आणि 'प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार' हा ग्रंथ मराठींत लिहिला. त्यांचीं सर्वच अनुमानें मान्य होतील असें नाहीं. परंतु जर्विसनें शास्त्र्यांस जवळ करून इंजिनियरी मराठींत आणली, आणि वझ्यांनीं इंजिनियर होऊन शास्त्र्यांच्या ग्रंथांकडे मोर्चा वळविला. शंभर वर्षांच्या अंतरानें दोघांनीं एकच दरी दोन बाजूंनीं बुजविण्याचा यत्न केला, असें म्हणतां येईल.

(७) उपसंहार

इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभियांत्रिकीचें पदवी-शिक्षण देशी भाषांतून देण्यास अनुमति मिळाली, आणि २०२१ मध्यें ज्या भाषांतून असे वर्ग योजिले गेले त्यांत मराठी होती. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोशही हातीं आहेत. तेव्हां साधनांचा अभाव हें कारण आतां सांगतां येणार नाहीं. वरील इतिहासावरून आम्हांस तीन गोष्टी निष्पन्न होतांना दिसतात.

पहिली : मराठींतून हें शिक्षण अशक्य नाहीं, तें एकदां दिलें गेलें आहे, आणि तें देणारास विषय व भाषा दोन्ही येत होतीं. दुसरी : भाषा टिकते ती पुस्तकांनीं नव्हे, त्या भाषेंत शिकलेल्यास काम मिळाल्यानें. निविदा, अंदाजपत्रक व मोजणीची वही जोंवर दुसऱ्या भाषेंत आहेत तोंवर मराठी वर्ग हा १८२४ च्या संस्थेप्रमाणेंच अल्पायुषी होण्याचें भय आहे. तिसरी गोष्ट संस्कृताच्या अभ्यासकानें सांगावी हें कदाचित् विपरीत वाटेल; परिभाषा करतांना प्रथम ओळंब्याकडे पाहावें, धातुपाठाकडे मागाहून. जेथें कारागिराचा शब्द आहे तेथें तोच घ्यावा, आणि जेथें कल्पनाच नवीन आहे तेथेंच संस्कृताचा आश्रय करावा. 'कर्तव्यभूमिति' हें नांव देणाऱ्या शास्त्र्यांनीं संस्कृत वापरलें तें हातानें करावयाच्या कामाकडे पाहून.

शेवटीं एक विनंति. जुन्या ओव्हरसियरांच्या, मोजणीदारांच्या व मिस्त्र्यांच्या घरीं मोजमापाच्या वह्या, हस्तलिखित कोष्टकें व कामाचे हिशेब अजूनही पेट्यांत पडून असतील. यादवकालीन शिलालेखास ऊन लागलें तरी तो आठशें वर्षें टिकतो. कागदाचें तसें नाहीं. ज्यांच्या दप्तरांत असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां एखाद्या संशोधनसंस्थेकडे पोंचवावे. धंद्याची मराठी त्यांत आहे, आणि ती ज्यांच्या तोंडीं होती त्या पिढीपैकीं फारच थोडीं माणसें आतां उरलीं आहेत.